अर्धी ताकद

रायपूरला तालीम कधी आली, याची तारीख कुणाला सांगता येत नाही. मराठे कधी आले, याची मात्र येते. १७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांचे भास्करपंत कोल्हटकर फौज घेऊन छत्तीसगडात उतरले आणि रतनपूरच्या हैहयवंशी राजाने मान तुकवली. १७५८ पासून बिंबाजी भोसले रतनपुरातच राहून कारभार पाहू लागले. १८१८ मध्ये इंग्रज अधिकारी अ‍ॅग्न्यू याने मुख्य ठाणं रतनपूरहून रायपूरला हलवलं आणि १८५४ मध्ये नागपूरचं राज्यच खालसा झालं. पुढे शंभर वर्षं रायपूर मध्य प्रांतात होतं आणि प्रांताची राजधानी नागपूर, म्हणून कारकून, मास्तर, वकील, रेल्वेचे बाबू नागपूरकडून येतच राहिले. माझे पणजोबा त्यांतलेच. तात्यापाऱ्यात, ब्राह्मणपाऱ्यात, बूढापाऱ्यात अशी घरं आजही सापडतात. घरात मराठी, ओट्यावर हिंदी आणि भाजीवालीशी छत्तीसगडी, असा आमचा तिहेरी कारभार.

कुस्ती इथे मराठ्यांनी आणली, असं म्हणायचा मोह आमच्या मंडळींना होतो. तो आवरलेला बरा. नागपंचमीला आखाड्याची पूजा करून माती अंगाला लावायची रीत छत्तीसगडात घराघरांत मुरलेली आहे. पाऊस पडून हरेली झाली की पोरं बांबूच्या गेडीवर चढून गल्लीभर फिरतात; घोट्याचा आणि तोलाचा इतका चांगला व्यायाम मला अजून कुठल्या पुस्तकात सापडलेला नाही. मराठी माणसाने इथे आणलं असेल तर ते तालमीचं शास्त्र, म्हणजे आधी काय, मग काय, आणि किती. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला नवा जन्म दिला आणि त्यांच्या शिष्यांनी तो गावोगाव नेला. त्या परंपरेत ‘किती’ या प्रश्नाला फार मान होता. मी फिजिओथेरपिस्ट आहे, रायपुरातच माझा दवाखाना आहे, आणि माझ्या रोजच्या कामातला निम्मा भाग या एका प्रश्नाचा आहे. म्हणून त्याच्या इतिहासात शिरले.

तालमीची पायरी मी कधी चढले नाही. मुलींनी तिकडे फिरकायचं नसे, सावलीसुद्धा पडू द्यायची नसे. जे कळलं ते थोरल्या काकांकडून. ते १९५० च्या दशकात आमच्या भागातल्या एका तालमीत जात. वस्ताद नागपूरकडचे, नोकरीने टपालखात्यात. नव्या पोराला ते पहिले काही आठवडे वजनाला हात लावू देत नसत. माती उकरायची, पाणी शिंपायचं, हळद-तेल घालून ती पुन्हा मळायची. खोरं चालवता चालवता कंबर, खांदे, मनगटं तयार होत आणि पोराला वाटे की आपल्याला नुसतं राबवून घेतायत. मग जोर. मग बैठका. जोर-बैठका ठरलेल्या आकड्यावर आल्या की मुद्गलांची हलकी जोडी, त्यानंतर जड जोडी. नाल आणि गदा सगळ्यात शेवटी. आणि रोज एक तंबी : अंगातली अर्धी ताकद घरी परत न्यायची.

ही तंबी वस्तादांच्या घरची नव्हती. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात, दिनचर्येच्या अध्यायात, ती जवळपास अशीच आहे : जो बलवान आहे आणि स्निग्ध खातो, त्यानेसुद्धा थंडीत आणि वसंतात अर्ध्या शक्तीनेच व्यायाम करावा, इतर ऋतूंत त्याहून कमी. रायपूरचा मे महिना ४५ अंशांपर्यंत जातो, तेव्हा या ‘इतर ऋतूंत कमी’ला इथे काय वजन आहे ते सांगायला नको. अर्धी शक्ती संपली हे ओळखायचं कसं, तेही आयुर्वेदाने सांगून ठेवलंय. कपाळावर, नाकावर, काखेत, सांध्यांवर घाम येतो, तोंडाला कोरड पडते, श्वास तोंडाने घ्यावासा वाटतो. याच्या पलीकडे जाणाऱ्याला खोकला, ताप, तहान, ओकारी, क्षय यांची यादी दाखवली आहे, आणि तो हत्तीला ओढायला गेलेल्या सिंहासारखा मरतो असंही बजावलंय. आज आम्ही पेशंटला विचारतो की एकपासून दहापर्यंतच्या मोजपट्टीवर हा व्यायाम किती जड गेला. वस्ताद तेच पोराच्या तोंडाकडे पाहून ठरवत.

काका सांगतात, वस्तादांची नजर हाताकडे नसेच, तोंडाकडे असे. ओठ उघडले की आवाज यायचा, ‘ठेव’.

जोडीबद्दल थोडं सविस्तर बोलते, कारण हे साधन मला फार हुशारीचं वाटतं. आमच्या माळ्यावर काकांची जोडी आहे. शिसवी, खाली जाड, वर मुठीपाशी निमुळती. मुठीची जागा घामाने आणि तेलाने काळी कुळकुळीत झालेली, एकाला तळाशी तडा गेलाय तिथे लोखंडी कडं ठोकलेलं. दवाखान्यातल्या काट्यावर ठेवली तर एकेक मुद्गल सहा किलोच्या आसपास भरतो. आजच्या जिमवाल्या पोराला सहा किलो ऐकून हसू येईल. पण मुद्गल पाठीमागून फिरवताना वजन हातात नसतं, ते लांब दांड्याच्या टोकाला असतं, आणि ते खाली ओघळत असताना खांद्याचा सांधा दाबला न जाता ओढला जातो. खांदा बाहेरच्या बाजूला वळतो, पाठीची फरी बरगडीवरून सरकते, आणि ही सरकण्याची सवयच खांद्याला वाचवते. चुकलात तर मुद्गल तुमच्याच पाठीत बसतो, म्हणून घाई करता येत नाही. बाकावर झोपून छातीवरचा बार ढकलणाऱ्या आणि त्याशिवाय काहीच न करणाऱ्या मुलांचे खांदे पुढे ओढलेले असतात. हात डोक्यावर नेताना मध्येच त्यांना एक चमक येते. त्यांना मी लाकडाचा नाही तरी प्लास्टिकच्या बाटलीत वाळू भरून मुद्गल करायला सांगते.

म्हणून तालमीत दुखापत नव्हती असं मी म्हणणार नाही. लचक, उसण, खांदा उतरणं, गुडघ्यात पाणी, सगळं होतं. हजार-हजार बैठका मारून म्हातारपणी जिना न चढता येणारे पैलवान रायपुरातही पाहिलेत. आणि उपाय? मालिश, हळदीचा लेप, हाडवैद्य. जड उचलून पोटात कळ आली की ‘नाभी खसक गई’ म्हणून बेंबीवर दिवा लावून तांब्या पालथा घालायचा. हे आजही चालतं आणि माझ्याकडे यायच्या आधी निम्मे लोक ते करून आलेले असतात. त्यातल्या एखाद्याला खरोखर हर्निया असतो, तेव्हा मला त्या तांब्याचा राग येतो.

आकड्यांचं वेडही जुनंच. बडोद्याच्या संग्रहालयात एक दगड आहे. गामा पैलवानाने १९०२ मध्ये तो उचलला, आणि तो १२०० किलोंचा आहे, असं सांगतात. जगातल्या कुठल्याही माणसाने एवढं वजन छातीशी धरून चार पावलं टाकलेली नाहीत, पण गामाचं नाव घेतलं की हिशेब बाजूला राहतो. जेजुरीच्या दसऱ्याचा खंडा मला त्या मानाने जास्त प्रामाणिक वाटतो. ४२ किलोंची तलवार, सगळ्या गावादेखत, एका हाताने तोलून धरायची आणि कोण किती वेळ धरतो ते पाहायचं. तिथे वजन ठरलेलं आहे आणि मोजतात ती वेळ.

लोखंड आलं ते सँडोबरोबर. ज्याच्या नावाचा बनियन आपल्याकडे अजून विकला जातो तो युजीन सँडो १९०४-०५ मध्ये हिंदुस्थानात येऊन खेळ करून गेला. त्याच्या आधीच त्याची पुस्तकं, डंबेल्स आणि स्प्रिंगा टपालाने इथे पोहोचल्या होत्या. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी त्याचे असेच भक्त. त्यांनी सँडोची साधनं मागवून बरीच वर्षं नेमाने मेहनत केली, छाती-दंड कमावले आणि मग १९०८ च्या सुमाराला मिरजेच्या राजांच्या सांगण्यावरून सूर्यनमस्कारांकडे वळले ते कायमचे. त्यांची कथा नेहमी ‘परदेशी सोडून स्वदेशी धरलं’ अशी सांगतात. मला त्यात दुसरंही दिसतं. स्प्रिंग आणि डंबेल एकेका स्नायूला वेगळं करून कामाला लावतात. नमस्कारात अख्खं शरीर एका दमात घडी होतं आणि उलगडतं. वस्तादांची माती मळण्याची युक्ती आणि पंतप्रतिनिधींचा नमस्कार या एकाच जातीच्या गोष्टी आहेत.

आमच्या बाजूला हे सगळं वऱ्हाडातून आलं. अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये काढलं. अमरावती आणि रायपूर तेव्हा एकाच सरकारच्या हाताखाली. मंडळाचं पथक १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी जाऊन देशी खेळांची प्रात्यक्षिकं करून आलं, आणि त्याच सुमाराला बडोद्याहून द. चिं. मजुमदारांचा व्यायाम ज्ञानकोश खंडाखंडांनी निघू लागला. माधवराव सप्रे रायपुरात राहून रामदासांचा दासबोध हिंदीत नेत होते, त्या पिढीत मारुती आणि बलोपासना मराठी घरांत नव्याने आली होती. इथलं महाराष्ट्र मंडळ १९३५ चं. काका एका उन्हाळ्यात अमरावतीच्या वर्गाला जाऊन आले आणि येताना बारबेल नावाचा प्रकार डोक्यात घेऊन आले.

बार विकत मिळत नव्हता. त्यांनी आणि दोन मित्रांनी पाण्याचा जाड पाइप आणला, डालड्याच्या रिकाम्या डब्यांत सिमेंट-गिट्टी कालवून पाइपाची टोकं त्यांत उभी केली, आणि आठवडाभर ओल्या गोणपाटाखाली ठेवून पाणी मारलं. झाला बार. वजन किती, हे ठाऊक नाही. तो उचलून गोलबाजारातल्या धान्याच्या दुकानात नेला आणि काट्याला टांगला. एक मण आणि वर काही शेर भरला. चाळीस शेरांचा मण म्हणजे सुमारे ३७ किलो. मेट्रिक वजनं १९५८ पासून येऊ लागली होती, पण व्यायामाच्या इंग्रजी मासिकात आकडे पौंडांत, दुकानात मण-शेरात आणि स्पर्धेत किलोत, त्यामुळे काकांच्या वहीत एकाच पानावर तिन्ही आहेत. एका टोकाचा डबा दुसऱ्यापेक्षा जड होता. बार नेहमी उजवीकडे कलायचा. त्यांच्यातल्या एका मित्राची कंबर त्याच बाजूला धरली ती कायमची. भिलाईच्या पोलाद कारखान्याची भट्टी १९५९ मध्ये पेटली, काकांना तिथे नोकरी लागली, आणि मग लेथवर कातलेला सरळ बार आणि ओतीव चकत्या मिळवणं सोपं झालं. चकतीवर ओतलेला आकडा आणि चकतीचं खरं वजन यांचा संबंध मात्र तेव्हाही सैल होता. आज दहा किलोच्या म्हणून विकलेल्या दोन चकत्या माझ्या काट्यावर आणून ठेवा, फरक दिसेल.

काकांची पिढी करायची ती मुख्य उचल म्हणजे प्रेस. बार खांद्यावर घ्यायचा आणि पाय न हलवता नुसत्या हातांच्या जोरावर डोक्यावर न्यायचा. १९२८ पासून ऑलिंपिकमध्ये तीन प्रकार होते : प्रेस, स्नॅच आणि क्लीन अँड जर्क. नियमाने शरीर ताठ हवं. पण पाठ थोडी मागे वाकवली की छातीचे स्नायू मदतीला येतात आणि पाच-दहा किलो जास्त जातात. १९६० च्या दशकात उचलणारे इतके मागे वाकू लागले की उभ्याने बाकावरचा प्रेस चाललाय असं वाटावं. किती वाकलं की बाद, यावर पंचांचं एकमत होईना, कमरेच्या दुखापतींची भीती वाटू लागली, आणि १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकनंतर प्रेस काढूनच टाकला. खेळाच्या इतिहासात हे मला फार शिकवणारं प्रकरण वाटतं. वजन वाढत होतं, विक्रम होत होते, आणि वाढणारा प्रत्येक किलो कमरेच्या खालच्या मणक्यांवर पडत होता. पाठीमागे वाकलेल्या स्थितीत तिथले छोटे सांधे एकमेकांवर दाबले जातात. दाब वारंवार आला तर मणक्याच्या कमानीला बारीक चीर जाते. कोवळ्या वयातल्या मुलांत ही चीर मी पाहिली आहे, आणि ती मुलं प्रेस नव्हे, खांद्यावरून बार ढकलण्याचाच एक नवा प्रकार करत होती.

दुसरीकडे, ‘किती’चं उत्तर आकड्यांत द्यायला एका डॉक्टरने सुरुवात केली. थॉमस डिलॉर्म अमेरिकी सैन्याचा डॉक्टर. महायुद्धातून गुडघे मोडून आलेल्या शिपायांनी शिकागोचं इस्पितळ भरलेलं, आणि तेव्हाची रीत म्हणजे हलका व्यायाम पुष्कळ वेळा. डिलॉर्म स्वतः लहानपणी सांधेज्वरातून उठल्यावर वजनं उचलून धडधाकट झालेला. त्याने शिपायांना जड वजन दिलं. बरोबर दहा वेळा उचलता येईल आणि अकराव्यांदा येणार नाही, असं वजन शोधायचं आणि त्यावर काम करायचं. १९४५ मध्ये त्याने हे लिहिलं तेव्हा तो दहादहाचे सात ते दहा फेरे करून घेत असे. तीनच वर्षांत, वॉटकिन्सबरोबर, त्याने फेरे तीनवर आणले : पहिला निम्म्या वजनाने, दुसरा पाऊण, तिसरा पूर्ण. कमी केल्याने फायदा घटला नाही. माझ्या धंद्याचा पाया याच माणसाने घातला आणि त्याची पहिली दुरुस्ती ‘कमी करा’ हीच होती, याचा मला मनापासून आनंद होतो.

रशियन प्रिलेपिनने सत्तरच्या दशकात हजारभर उचलणाऱ्यांच्या वह्या तपासून एक तक्ता केला. समजा तुमची कमाल उचल १०० किलो. तर ८० ते ८९ किलोंवर एका दमात दोन ते चार वेळाच उचला, आणि दिवसाच्या सगळ्या उचली मिळून १५ च्या आसपास ठेवा. ९० च्या वर गेलात तर एका दमात एक-दोन, एकूण चार ते दहा. संपलं. पतियाळाची राष्ट्रीय क्रीडा संस्था १९६१ मध्ये सुरू झाली. तिथून शिकून आलेल्या प्रशिक्षकांनी टक्केवारीची ही भाषा लहान गावांपर्यंत नेली. बल्गेरियाचे अबाजिएव्ह उलट रोज कमाल वजनाला हात घालायला लावत. त्यांची पदकं सगळ्यांना दिसली, वाटेत गळलेली पोरं कुणी मोजली नाहीत.

दुखापतीचं खरं कारण पुष्कळदा वेगांतल्या फरकात असतं. नवीन मुलाची ताकद काही आठवड्यांत झपाट्याने वाढते. सुरुवातीला तर स्नायू वाढलेलाही नसतो, मेंदू त्याला नीट हाक मारायला शिकलेला असतो इतकंच. स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या कंडरेला रक्ताचा पुरवठा तोकडा, ती महिन्यांच्या हिशेबाने घट्ट होते. तिसऱ्या महिन्यात मुलाला वाटतं की आपण राक्षस झालो, आणि तेव्हा त्याची कंडरा पहिल्याच महिन्यात असते. कोपर, खांदा, गुडघ्याची वाटी, बहुतेक दुखणी घेऊन लोक माझ्याकडे येतात ती याच काळात. वजन उचलणं हा खेळ मुळात धोक्याचा नाही. स्पर्धेच्या तयारीत दर १००० तासांमागे २.४ ते ३.३ दुखापती, असा अभ्यासकांचा हिशेब आहे. धक्काबुक्कीच्या खेळांपेक्षा तो कमी भरतो. आई-बापांना मी हा आकडा आवर्जून सांगते, कारण इथे अजूनही ‘उंची खुंटते’ म्हणून मुलींना वजनापासून लांब ठेवतात.

मुलींचा विषय निघालाच आहे तर : बायकांचं वजन उचलणं ऑलिंपिकमध्ये आलं २००० मध्ये, सिडनीला, आणि पहिल्याच वेळी कर्णम मल्लेश्वरीने ब्राँझ आणलं. बायकांचा बार वेगळा असतो, १५ किलोंचा, २५ मिलिमीटर जाडीचा. पुरुषांचा २० किलो आणि २८ मिलिमीटर. तीन मिलिमीटर म्हणजे काही नाही असं वाटेल, पण लहान पंजाची बोटं बारभोवती पुरी वळली नाहीत तर मनगट आणि कोपर भरपाई करू जातात. मे २०२२ मध्ये ग्रीसमधल्या हेराक्लिऑनला ज्युनियर जागतिक स्पर्धा झाली. ४५ किलो गटात वडगाव मावळच्या हर्षदा गरुडने स्नॅचमध्ये ७० आणि जर्कमध्ये ८३ असे १५३ किलो उचलून सुवर्ण घेतलं. त्या स्पर्धेत भारताला सुवर्ण मिळायची ती पहिलीच वेळ. आणि ४९ किलो गटात राजनांदगावच्या ज्ञानेश्वरी यादवने ७३ आणि ८३ असे १५६ किलो करून रौप्य. राजनांदगाव आमच्यापासून सत्तरेक किलोमीटर, नागपूरच्या रस्त्यावर. ज्ञानेश्वरी तिथल्या जय भवानी व्यायामशाळेत तयार झाली. आमच्या रायपूरचा रुस्तम सारंग २०१४ च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेत ६२ किलो गटात उतरला होता, तेव्हाही पेपरांनी चार ओळी दिल्या होत्या. ज्ञानेश्वरीच्या वेळी मात्र माझ्याकडे येणाऱ्या आया बातमीचं कात्रण घेऊन आल्या. काका म्हणाले, व्यायामशाळेत मुलगी! आणि मग बराच वेळ तिचा व्हिडिओ पाहत बसले. तोंड बंद आहे, म्हणाले.

२०२२ मध्येच ३० जुलैला, बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत, सांगलीचा संकेत सरगर. ५५ किलो गट. स्नॅचमध्ये ११३, जर्कची पहिली उचल १३५, दोन्ही व्यवस्थित. दुसऱ्या उचलीला १३९ लावले आणि बार वर जाताना उजव्या कोपराने दगा दिला. तिसऱ्यांदा पुन्हा १३९, तसाच, त्याच कोपरावर. नाही गेलं. एकूण २४८, मलेशियाच्या अनिकचे २४९. एक किलोने सुवर्ण गेलं. त्याने तिसरी उचल करायला हवी होती का, यावर आमच्या कॉन्फरन्समध्ये जोरदार वाद झाला. माझं मत सांगते : स्पर्धेचा तो एक क्षण अर्ध्या शक्तीच्या नियमाबाहेरचा आहे आणि तसाच असावा. चार वर्षांतून एकदा सगळं पणाला लावता यावं, म्हणून तर बाकीचे दिवस राखून वागायचं. मला अडचण आहे ती दर सोमवारी बर्मिंगहॅम मांडणाऱ्यांची. समता कॉलनीपासून तेलीबांधापर्यंत आता गल्लीगल्लीत जिम आहेत, आरसे आहेत, गाणी आहेत, आणि मित्राच्या हातात फोन असतो. वस्तादांची नजर तोंडाकडे असे, फोनची चकत्यांकडे असते.

आणि या शहरात सगळ्यात जास्त वजन जिममध्ये उचललं जात नाही. छत्तीसगड म्हणजे धानाचा कटोरा. राइस मिल, गोदाम, मालधक्का इथला हमाल दिवसाला जे उचलतो ते ज्ञानेश्वरी आठवड्यात उचलत नसेल. पूर्वी पोतं क्विंटलचं, म्हणजे १०० किलोंचं होतं. महाराष्ट्रात बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने ते ५० वर आणण्यासाठी वर्षानुवर्षं झगडा केला, १९६९ मध्ये तिथे माथाडी कायदा झाला. आता तांदळाचं पोतं इथेही ५० किलोंचं असतं. जुना हमाल पोतं उचलत नाहीच मुळी; दुसरा त्याच्या मानेच्या खाली, पाठीच्या वरच्या भागावर ते ठेवतो, तो गुडघ्यात किंचित वाकून वजन खाली घेतो आणि लगेच चालू लागतो. थांबला तर जड होतं. पावलं छोटी, नजर दहा हात पुढे. हे तंत्र शिकवायला मला काही नसतं. पण एका पोत्यामागे ठरलेले पैसे असतात, त्यामुळे अर्ध्या ताकदीवर थांबणं त्याला परवडत नाही. प्रिलेपिनच्या तक्त्यात ५० किलो दिवसभरात तीनशे वेळा, असा रकानाच नाही.

परवा असाच एक जण आला होता, चाळिशीचा, कंबर धरून, डाव्या पोटरीत मुंग्या. तपासलं, हालचाली दाखवल्या, दोन आठवडे काम बंद म्हणून सांगितलं. सरकारी योजनेत त्याला काय मिळू शकेल ते लिहून दिलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘पट्टा बांध के उठाहूं त चलही का, दीदी?’

पट्ट्याचा मामला असा आहे. स्पर्धेतला उचलणारा पट्टा बांधतो ते पोट त्यावर दाबून आतला दाब वाढवायला, काही सेकंदांपुरतं. आणि तसं पोट दाबणं त्याला शिकवलेलं असतं. कामगारांनी दिवसभर पट्टा बांधल्याने कमरेची दुखापत टळते याला पुरावा नाही, हे अमेरिकेच्या कामगार-आरोग्य संस्थेने १९९४ मध्येच सांगितलं आहे. उलट पट्टा आहे म्हणून माणूस एक पोतं जास्त घेतो. हे त्याला छत्तीसगडीत सांगायला मला जरा वेळ लागला. शेवटी ठरलं ते असं : पंधरवडाभर तो पोती उचलणार नाही, ट्रकवर उभं राहून दुसऱ्यांच्या पाठीवर ठेवणारही नाही, मुकादमाशी बोलून गोण्या शिवायच्या कामावर बसेल. त्या कामाचा दर निम्मा आहे. मुकादमाचा नंबर घेऊन मीच त्याच्याशी बोलले.